बारके शिंपले

"आलं बघा भारतीचं पाकीट," म्हणत कलाबाईनं ते भीमराज गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

गुरुजी खाटेवर उशीला टेकून बसले. पाय गेल्यापासून त्यांचं जग त्या खाटेएवढंच उरलं होतं. त्यांनी भिंग घेतलं. एकेक शिंपला उलटा करून बिजागरीजवळचे दात पाहिले, पट्टीवर मापला, इंग्रजीत बारीक अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि शिंपल्यासोबत रिकाम्या काड्यापेटीत ठेवली. पुणतांब्याच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. मुलीला दापोलीकडे बँकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडे एकच मागणं केलं होतं. किनाऱ्यावरचे बारके शिंपले.

कलाबाई दारात उभी राहून त्यांचा चेहरा बघत होती.

भारती जाऊन आठ महिने झाले होते. घाटात गाडी उलटली. त्या आठवड्यात गुरुजी नगरला दवाखान्यात, नळ्या लावलेले. "ह्यांना आता कसलाही धक्का सोसायचा नाही," डॉक्टर म्हणाले. श्रीमंतानं, धाकट्या दिरानं, तिकडंच सगळं उरकलं. कलाबाईनं तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या उशाशी जाऊन सांगितलं, "भारतीला रजा न्हाई मिळाली."

गुरुजींना फोनवरचं ऐकू येत नसे, ते एक बरं होतं. शिंपल्यांचं काय करायचं? श्रीमंतानं भारतीच्या खोलीवरून आणलेल्या सामानात एक पिशवी निघाली. जुन्या पाकिटात थोडे थोडे भरून ती तीन महिने पुरवली. मग कलाबाई गोदावरीवर जाऊ लागली. धुणं बाजूला ठेवून ओल्या वाळूत बोटं घालायची. शिंपला तो शिंपला, त्यात काय कळायचं, असं ती मनाला समजवायची. घरात तिला रडता येत नव्हतं. नदीवर रडता यायचं.

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. "बरी आहे ना ती?"

"बरी हाय. कालच फोन आल्ता."

"वेळेवर जेवती का?"

"जेवती की."

गुरुजींनी काड्यापेटी बंद केली. "तिला म्हणावं, पाण्यात लई आत जाऊ नको. कडंकडंनंच वेच."

"सांगते."

"आणि पुढच्या महिन्यातही पाठव म्हणावं. खंड नको पाडू."

कलाबाईनं मान हलवली आणि घाईघाईनं चुलीपाशी गेली.

दुपारी गल्लीतली रेश्मा आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, गुरुजींचा संग्रह तिला बघायचा होता. गुरुजींचा डोळा लागला होता. कलाबाईनं काड्यापेट्यांचं खोकं ओसरीवर आणून दिलं. तिला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. रेश्मा एकेक पेटी उघडून चिठ्ठी वाचू लागली. अर्ध्यावर थांबली. बंद केलेल्या दोन-तीन पेट्या तिनं पुन्हा उघडल्या.

"मावशी, हे शेवटचे शिंपले समुद्राचे नाहीत. नदीतले आहेत."

कलाबाईनं तिचं मनगट धरलं. "हळू बोल बाई! त्यांना म्हाईत न्हाई. पोर गेल्याचंबी अजून कळू दिलं न्हाई मी."

रेश्मानं दोन चिठ्ठ्या ओसरीवर शेजारी शेजारी मांडल्या आणि पहिलीवर बोट ठेवलं.

"मावशी, आठ महिन्यांपूर्वीपासून तीन महिने पेट्यांवर गुरुजींनी 'वेचणारी, कैलासवासी भारती' लिहिलंय," ती म्हणाली. "आणि पुढच्या सगळ्यांवर, 'गोदावरी, पुणतांबा. वेचणारी, कलाबाई.'"