मैदानावरचा फ्रान्स

भोरला झुबेदा मॅडम आम्हाला फ्रेंच शिकवायच्या. भिंतीवरचा नकाशा त्यांना पटायचा नाही. कबड्डीच्या मैदानावर त्या फक्कीनं षटकोनी फ्रान्स आखायच्या आणि आम्हाला त्यात एकेका जागी उभं करायच्या. इमरान ताडमाड उंच, म्हणून तो आल्प्स. गुलफशा समुद्रकाठचं मार्सेय. मी रेशमाचं शहर ल्यों. माझ्या पायाशी मॅडमच्या दोन निळ्या ओढण्या येऊन मिळायच्या, एक रोन नदी आणि दुसरी सोन. मग ज्यानं त्यानं आपापल्या गावचं खाणंपिणं, सणवार फ्रेंचमध्ये सांगायचं. ऊन लागलं म्हणून कुणी सावलीकडं सरकलं की मॅडम ओरडायच्या, "जागा सोडायची न्हाई!"

शिकायला खऱ्या ल्योंमध्ये आले, त्याला आठवडा झाला. माझं बोलणं इथं कुणाला कळेना, त्यांचं मला. घरी परतायचं ठरवलं आणि तेवढं सांगायला नदीकाठावरून मॅडमना फोन लावला. आवाज रडवेला झालाच.

"आधी सांग, कुठं उभी आहेस?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली. समोर दोन नद्या एकमेकींत मिसळत होत्या आणि पाणी गुलफशाच्या दिशेला निघालं होतं. परक्या गावात घरचं माणूस भेटावं तसं झालं.

"मॅडम, तुमच्या दोन ओढण्या मिळतात ना, तिथं."

पलीकडून तोच मैदानावरचा आवाज आला.

"मग जागा सोडायची न्हाई!"