मागची दारं

प्रेसच्या जबड्यात करड्या धातूचा ठोकळा दबत होता, पण फुटत नव्हता. आतल्या पोकळ गोळ्या एकामागून एक चिरडल्या जात होत्या. वाळक्या पानांवर पाय पडावा तसा बारीक आवाज येत होता, आणि पडद्यावरची दाबाची रेघ वर न चढता आडवी, संथ सरकत होती.

"म्हणजे नक्की काय झालं?" संचालकांनी विचारलं.

"धक्का आतल्या आत जिरतोय, सर," ती म्हणाली. "गोळ्या मरतात, पलीकडचा माणूस वाचतो."

हे वाक्य संचालकांना फारच आवडलं. खाली गाडीपाशी उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरला त्यांनी वर बोलावून घेतलं. "या, या. बघा तुमच्या लेकीची करामत!"

बाबा दाराशीच थांबले. इतकी वर्षं याच इमारतीखाली गाडी लावली, पण प्रयोगशाळेत ते पहिल्यांदाच येत होते. तिने त्याच धातूचं एक पॅनल त्यांच्या हातात दिलं. जड असणार म्हणून त्यांनी आधीच हात सावरले, आणि ते हलकं लागल्यावर हसू लागले.

"अगं, हे तर खेळण्यातलं वाटतंय!"

त्या खेळण्यापायी तिच्या नाकी नऊ आले होते. चिनी मातीच्या बारीक पोकळ गोळ्या साच्यात ठासून भरायच्या आणि वितळलेलं अॅल्युमिनियम दाबाने त्यांच्या फटींत घुसवायचं. दाब कमी पडला तर आत भगदाडं राहायची. जास्त झाला तर गोळ्याच फुटून धातूने भरायच्या. कारच्या दारात मावतील अशी दोनच पॅनल धड निघाली होती.

"दोन्ही माझ्या गाडीला बसवून टाका," संचालक म्हणाले. "आपल्याच मालावर आपला भरवसा नाही, असं नको व्हायला."

"हो सर. पुढच्या दारांची मापं घेऊनच केलीत."

"पुढच्या?" त्यांना खरंच उलगडा होईना. "अहो, मी मागे बसतो."

प्रेस बंद झालेला होता.

"पुढची दारं पुढच्या खेपेला करूच की," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "वडिलांची काळजी काय एकट्या तुम्हालाच आहे?"

तिने तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. "साहेबांचं बरोबर आहे. मला समोरचं दिसत असतं. मागच्या माणसाला काय पत्ता? तो बिचारा फोनवर!"

सगळे हसले. संचालक सगळ्यात मोठ्याने. आपणही हसतोय, हे तिला जरा उशिरा कळलं.

दुपारी वर्कशॉपमध्ये तिने स्वतःच मागच्या दारांचं आतलं अस्तर काढलं. "मी करतो ना, मॅडम," मेकॅनिक म्हणत राहिला, पण तिने पाना सोडला नाही. पॅनल बसेना. माप पुढच्या दारांचं होतं. कानस घेऊन ती कडा तासत बसली. अर्ध्या कापलेल्या गोळ्या उघड्या पडत गेल्या, आणि पांढरी भुकटी तिच्या बाह्यांवर साचत गेली.

संध्याकाळी संचालक मीटिंगमध्ये अडकले. "आज लेकीला गाडीतूनच घरी सोडा," असा त्यांचा निरोप आला.

ती सवयीने पुढच्या दाराकडे गेली.

"तिथे नाही. आज मागे," बाबा म्हणाले, आणि साहेबांसाठी धरतात तसंच त्यांनी दार उघडून धरलं. ती बसल्यावर ते हलकेच लावलं. मग बोटाने वाजवून पाहिलं.

गाडी मुख्य रस्त्याला लागल्यावर ती पुढे झुकली.

"बाबा, सकाळी तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना." आरशातून तिच्याकडे बघत ते म्हणाले, "ऊर भरून आला."

वळणावर गाडी कलली, तसा त्यांचा खांदा पुढच्या दाराच्या नुसत्या पत्र्याला जाऊन टेकला.