मायरननं पाठवलेली सून

“तू आत्ता उपटलंस ते गाजर होतं,” पारास्का म्हणाली.

टेसानं हातातल्या कोवळ्या पातीकडे पाहिलं. तिच्या मागे अर्धी ओळ ओकीबोकी झाली होती. तण मात्र शेजारी मजेत डोलत होतं.

“चुकलं, आई. मला वाटलं…”

“तुला काही वाटू नये म्हणूनच मी इथे बसलेय.”

वाफ्यांच्या टोकाला खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी घेऊन पारास्का बसली होती. एप्रिलमध्ये अंगणातल्या बर्फावरून घसरली आणि खुबा मोडला. दवाखान्यातल्यांनी एडमंटन शहरात मुलाच्या, मायरनच्या घरी फोन केला आणि ती घरी परतायच्या आत सूनबाई एक बॅग घेऊन हजर झाल्या. “मायरननं पाठवलंय,” म्हणाली. “त्याला रजा मिळत नाही.” पोटचा पोरगा पार उत्तरेला तेलविहिरींवरच्या छावणीत राबतोय, आणि आईसाठी त्यानं पाठवलं काय, तर हे.

सासऱ्यानं जंगल तोडून काढलेली ही जमीन. पारास्कानं तिला विकतच्या खताचा दाणा कधी दाखवला नव्हता. कोंबड्यांचं खत, पालापाचोळा, चुलीतली राख आणि पिंपात कुजवलेलं खाजऱ्या पानांचं पाणी. टेसानं त्या पिंपाचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा ती तिथेच ओकली. बटाट्यांवरचे किडे वेचायला सांगितले तर डोळे मिटून वेचायची. शेजारचा ऑरेस्ट अंडी न्यायला आला की पारास्का त्याला हे सगळं रंगवून सांगे, टेसा ऐकू येईल इतक्या अंतरावर असतानाच.

“हळू बोल ना,” ऑरेस्ट म्हणायचा.

“का? तिला कळलं तर बरंच. निदान काहीतरी कळेल.”

पोरीच्या बोटात लग्नाची अंगठीसुद्धा नव्हती. मातीत खराब होते म्हणे. पारास्काची अंगठी जन्मभर त्याच मातीत वावरली होती. मायरनच्या खोलीत झोपायचं सोडून ही शिवणयंत्राच्या खोलीत खाट टाकून झोपायची. तिथे सकाळचा उजेड येतो म्हणे. राजकन्येला उजेड हवा.

पण खरा राग फोनचा होता. छावणीत गेल्यापासून मायरनचा नंबर बदलला होता आणि बोलणं व्हायचं ते टेसाच्या मोबाइलवर, तेही म्हणे फाटकापाशी रेंज आली तर.

“मायरनचा फोन आला होता,” ती जेवताना सांगायची. “बटाट्यांना माती चढवली का, विचारत होता. आणि तुम्ही गोळ्या वेळेवर घेता का, तेही.”

“मला का नाही करत?”

“तुमचा जरा डोळा लागला होता.”

“तुझ्या आधी मी त्याची आई आहे. हे त्याला विसरायला लावणं तुला बरं जमतं.”

टेसा खाली मान घालून बीटच्या सुपात, बोर्शमध्ये पाव बुडवत राहिली. वाद घालायचीही अक्कल नाही, पारास्काला वाटलं.

ऑगस्ट संपता संपता एका संध्याकाळी आभाळ लख्ख निवळलं आणि वारा पडला. पारास्कानं तोंड उघडायच्या आधीच टेसा घरातल्या सगळ्या चादरी घेऊन बाहेर गेली आणि घेवडा, काकड्या, भोपळे झाकून आली. सकाळी ऑरेस्टचा घेवडा रात्रीच्या हिमानं काळा पडला होता. पारास्काचा हिरवागार होता.

“पोरगी शिकली हो,” ऑरेस्ट म्हणाला.

“माकड आठवड्यात शिकतं. हिला अख्खा उन्हाळा लागला. आणि माझ्या लग्नातल्या चादरी चिखलात लोळवल्या, ते नाही दिसलं तुला?”

ऑरेस्ट हसला नाही. खिशातून एक चिठोरा काढून त्यानं टेबलावर ठेवला. “तू मागे लागली होतीस ना. माझा भाचा त्याच छावणीवर ट्रक चालवतो. मायरनचा नंबर मिळाला त्याला.”

तो गेल्यावर पारास्का काठी टेकत स्वयंपाकघरातल्या फोनपाशी गेली. काय बोलायचं ते तिनं केव्हाच जुळवून ठेवलं होतं. पलीकडे मायरनचा आवाज आला तशी तिनं सरळ सुरुवात केली.

“बर्फ पडायच्या आत तुझी बायको इथून घेऊन जा. माझे हातपाय आता चालतात. तिला पोसायची माझी तयारी नाही.”

मायरनच्या मागून कुणा बाईनं “कोण आहे रे?” असं विचारलं. छावणीतली स्वयंपाकीण असावी.

“आई,” मायरन हळू आवाजात म्हणाला, “टेसा तिथे आहे?”

“मग कुठे असणार? मे महिन्यापासून माझ्या उरावर बसलीय.”

“अगं, आम्ही गेल्या नाताळाच्या आधीच वेगळे झालो. तुला सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून तिचं माझं बोलणंसुद्धा नाही.”

खिडकीतून मळा दिसत होता. टेसा गुडघ्यांवर बसून बीट काढत होती.

“खोटं बोलू नकोस,” पारास्का म्हणाली. “मी पडले तेव्हा तूच पाठवलंस तिला.”

“पडलीस?” मायरन म्हणाला. “कधी?”