प्रवाहात उतरण्याआधी

"बोट नांगर टाकत नाय म्हणतीस. मग वर आल्यावर ती सापडायची कुठं?" बद्रीनाथांनी विचारलं.

तनुजाने समुद्री अभयारण्याचा नकाशा चादरीवर सरळ केला आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट त्यावर ठेवलं. "ही बोट. खाली आपण प्रवाहाबरोबर जायचं. आपल्या दोरीचा नारंगी फुगा पाण्यावर तरंगत असतो, तो बघत ती मागोमाग येते."

"आणि पाय मारायचे नाय?"

"वळण्यापुरते. प्रवाहाशी भांडायचं नाही, अप्पा. तो नेईल तसं जायचं."

"म्हणजे पाटात पडलेल्या चपलेवानी." अख्खी नोकरी कालव्यावर काढलेल्या बद्रीनाथांना हसू आलं. "तुझ्या आईची अशीच एक गेली पाचोडला. अजून माझ्या नावानं बोंब हाय."

"कोरी होती अवो," सुलेखाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तनुजा मालवणला लोकांना पाण्याखाली न्यायची. कितीतरी अनोळखी माणसं तिने नेली. बाप तेवढा राहिला. दरवर्षी काही ना काही निघायचं. या दिवाळीनंतर नक्की, असं उन्हाळ्यात ठरलं होतं. नियम एकच: नेणारा 'हो' म्हणाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. आणि तिच्या तोंडून हो निघत नव्हता.

"श्वास?" तिने परीक्षा घेतली.

"रोखायचा नाय. सावकाश घ्यायचा."

"चुकामूक झाली तर?"

"जराशीक वाट बघायची. मग ज्यानं त्यानं वर. हुडकीत बसायचं नाय." त्यांनी नकाशावरून नजर उचलली. "तुला जमंल का पण हे?"

"प्रश्न मी विचारतेय, अप्पा."

तेवढ्यात पुंडलिकनगरच्या गल्लीत रिक्षा थांबली. बद्रीनाथांचे कालव्यावरचे जुने सोबती अन्सारभाई भरलेला सिलिंडर घेऊन आत आले. "क्या बद्रीभाऊ, दर्या की सैर? हर्सूल के तालाब में तो घुटने तक नै उतरे कभी!"

"तू गप. काठावर बसून भजी कोण खात होतं?"

अन्सारभाई हसले आणि पाठमोरे होऊन नळी जोडू लागले. तनुजाने काटा पाहिला, मास्कचा पट्टा सारखा केला.

"तनू, मी तयार हाय. हो म्हण आता."

"अजून कच्चे आहात. उद्या पुन्हा सगळं पहिल्यापासून बघू."

"लई कडक मास्तरीण हाय," ते अन्सारभाईंना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "कच्चाच राहणार गं मी. तरी म्हण."

"उद्या," ती म्हणाली आणि तिने त्यांना मास्क लावला.

दुसऱ्या दिवशी नकाशा उघडलाच नाही. सकाळपासून अप्पा बोलले नव्हते. श्वास अडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दवाखान्यातून घरी न्या म्हणताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी तसंच. सुलेखाबाईंनी तुळशीचं पान गंगाजलात बुडवलं आणि लेकीकडे पाहिलं. तनुजाने मास्क बाजूला केला. बापाचा हात हातात घेऊन ती त्यांच्या कानाशी वाकली.

"हो, अप्पा," ती म्हणाली. "उतरा तुम्ही. मी थांबते."