अर्धा कप

नकाशा टेबलावर पसरताना दिगंबर केळुसकरांचा हात थरथरला आणि बैठकीतल्या अकरा जणांनी नजर दुसरीकडे वळवली.

सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनच्या या बारा रुग्णांनी मिळून एकत्र राहायला घर बांधायचं ठरवलं होतं. नकाशा केळुसकरांनीच काढला होता. घरात एकही उंबरठा नव्हता, आणि पाय जागच्या जागी खिळलाच तर पुढचं पाऊल सुचावं म्हणून पॅसेजभर फरशीवर पिवळे पट्टे होते.

मग मेंदूत नव्या पेशी रुजवणारं इंजेक्शन आलं. अकरा जण खडखडीत बरे झाले. केळुसकरांच्या शरीराने त्या पेशी दोनदा नाकारल्या.

"पट्टे आता कशाला, केळुसकर?" भडकमकर म्हणाले. "उगाच दवाखान्यासारखं दिसतं. त्यापेक्षा बॅडमिंटनचा हॉल काढू."

"काढू या की," केळुसकर म्हणाले. "माझ्या खोलीपुरते तेवढे राहू देत."

"अहो, तुम्हालाही गुण येईलच!" असं म्हणत कुमुदिनीताई चहा आणायला उठल्या.

या बैठकीत चहा नेहमी अर्धा कपच मिळायचा, म्हणजे थरथरत्या हातातून सांडायचा नाही. हा नियम कुमुदिनीताईंनीच घातला होता.

आज त्यांनी बारा कप काठोकाठ भरून आणले. त्यातला एक केळुसकरांपुढे ठेवला.

"गरम आहे तोवर घ्या हं," म्हणत त्या बॅडमिंटनच्या गप्पांत मिसळल्या.

केळुसकरांनी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून ठेवले आणि चहावर साय धरेपर्यंत ते नकाशाकडे बघत राहिले.