कात्रीने पकडलेली मुलगी

विड्या वळायला बसलेल्या राजव्वाने पान कापायला नवी कात्री उचलली, तर ती उघडेचना. मुलांना कामाला जुंपू नये म्हणून, लहान मुलाचा हात लागला, की सोलापुरातली विड्यांची प्रत्येक नवी कात्री अशीच अडून बसे आणि जवळच्या शाळेला कळवी.

"बाहुलीएवढे हात तुझे! तिला वाटलं, पोरगीच बसलीय," शेजारची अंबूबाई खदखदून हसली.

दहा मिनिटांत शाळेची गाडी आली. देवकते सर धापा टाकत आत शिरले. "मूल कुठंय?"

"हे काय! बासष्ट वर्षांचं आहे," अंबूबाईने राजव्वाकडे बोट दाखवले.

सर ओशाळले. "माफ करा आजी, यंत्राची चूक झाली."

"चूक कसली?" राजव्वा म्हणाली. "सातव्या वर्षी मी पानंच कापत होते. शाळेची घंटा ऐकू यायची, पण घरात खाणारी तोंडं आठ. तेव्हा कुणाची गाडी आली नाही. आज आलीय, ती रिकामी कशाला नेता?"

सर हसत बाहेर गेले. त्यांनी गाडीचे दार उघडून धरले. "चला. पहिलीचा वर्ग आत्ताच सुरू झालाय."

राजव्वाने मांडीवरचे पानांचे सूप अंबूबाईकडे सरकवले आणि लगबगीने निघाली.

"सर, खिडकीपाशी मी बसणार हं!"