उतारशाळेत जागा

ख्रिस्तजन्माचा खरा अर्थ मुलांना शाळेत किंवा देवळात नव्हे, तर घरी, आईबापांच्या तोंडूनच कळला पाहिजे, असे पाद्रीसाहेबांचे ठाम मत होते. पाद्रीसाहेबांना मुले नव्हती.

वाहरू मास्तरला दोन होती. त्यामुळे नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तो कोरीट गावातल्या आपल्या घरात त्या दोघांना पुढ्यात घेऊन बसला होता. दुपारी साहेब आणि मडम येणार होते. मडम मुलांना प्रश्न विचारणार होती. उत्तरे बरोबर आली तर मिशनच्या शाळेतली वाहरूची कच्ची नेमणूक पक्की होणार होती. ज्याला स्वतःचे घर शिकवता येत नाही त्याच्या हाती गाव कसे द्यावे, असा साहेबांचा सवाल होता.

"प्रभू कुठे जन्मला?" वाहरूने विचारले. घरात एरवी अहिराणी चाले. धर्म मात्र शुद्ध मराठीत होता.

"गव्हाणीमा," सहा वर्षांची रेवा म्हणाली.

"गव्हाणीत. देवाचा पुत्र, पण बघ कसा दीन झाला. जनावरांच्या गोठ्यात, गवतावर."

रेवाला यात दीन काय ते कळेना. पलीकडे दावणीला बैल रवंथ करत होते. चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईने, कालीबाईने, खुलासा केला, "हाई पोर बी तठेच व्हयेल शे. धाकला बी."

वाहरूने पुढचा प्रश्न घेतला. "गोठ्यात का जन्मला?"

"कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती," रेवाने घोकलेले वाक्य न अडखळता म्हटले. मग विचारले, "बा, उतारशाळा म्हंजे काय?"

इथे वाहरूने चूक केली. मास्तरने परिचिताकडून अपरिचिताकडे जावे, असे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवले होते. "उतारशाळा म्हणजे धर्मशाळा," तो म्हणाला. "नंदुरबारला टेसनाजवळ घेवरचंद शेठची आहे ना, तशी."

रेवा सरसावून बसली. ती धर्मशाळा तिला चांगली माहीत होती. पावसाळ्यात धाकट्याला ताप भरला तेव्हा गाडी जुंपून सगळे दवाखान्यात गेले होते, आणि मुक्कामासाठी त्याच धर्मशाळेच्या पायरीशी उभे राहिले होते. मुनीमने जात विचारली. वाहरूने "भिल ख्रिस्ती" असे सांगितले. मुनीमने त्यातला पहिला शब्द ऐकला.

"मंग त्यासले बी मुनीमनी जात इचारी व्हती का?"

"नाही. तिथे खानेसुमारी चालली होती. सरकारचा हुकूम होता, जो तो नाव लिहायला आपापल्या गावी आला होता. गर्दी झाली. खोल्या भरल्या."

"आपली गाडी गयी तवय कोठे खानेसुमारी व्हती?"

"रेवा, आपलं सोड."

"मुनीम तेच बोलना. जागा नही. खोलीमा तर नुसती बकरी व्हती."

"तो मुनीम तठे बी व्हता वाटस," कालीबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

वाहरूने पुस्तक मिटले. "ऐक. जागा का नव्हती असं मडमने विचारलं, तर म्हणायचं, गर्दी होती. बकरी नाही, मुनीम नाही. कळलं?"

रेवाने मान हलवली. मग म्हणाली, "बा, मरियमना पोटमा पोर व्हतं ना?"

"होतं."

"मंग एवढी गर्दी व्हती, तरी कोणी उठनं नही?"

वाहरू उठून मडमसाठी खुर्ची आणायला गेला.

दुपारी साहेब खाटेवर बसले आणि मडम खुर्चीवर. खुर्ची हिंमतराव पाटलांकडची होती. मडमशिवाय कोणी बसू नये असे बजावून त्यांनी दिली होती. मडम मराठी पुण्याच्या शास्त्र्याकडे शिकली होती.

"बाळे," ती म्हणाली, "प्रभूच्या मातापित्यांस उतारशाळेत स्थान का बरे मिळाले नाही?"

रेवाने बापाकडे पाहिले. मग दावणीकडे. मग मडमकडे.

"जागा व्हती," ती म्हणाली. "कोणी दिनी नही."

मडमने कान पुढे केला. शास्त्र्याने हे शिकवले नव्हते. साहेब वाहरूकडे वळले, "काय म्हणते ती?"



"जागा नव्हती म्हणते," वाहरू म्हणाला. "गर्दी होती."

"उत्तम!" साहेब म्हणाले. असेच शिक्षण घरोघर मिळाले पाहिजे, असेही म्हणाले. मडमने रेवाला एक रंगीत चित्र दिले. त्यात गोठा, तारा आणि गोरेपान बाळ होते. बैल तिला हडकुळा वाटला. नेमणूक तिथेच पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आगगाडीने साहेबांना नाताळच्या उपासनेसाठी नवापूरला जायचे होते, म्हणून त्याच संध्याकाळी वाहरू आपली बैलगाडी जुंपून त्यांना आणि मडमला नंदुरबारला घेऊन निघाला. निघताना कालीबाई एवढेच म्हणाली, "बकरीले इचारी ल्या."

घेवरचंद शेठच्या धर्मशाळेत मुनीमने साहेबांना पाहताच पागोटे सावरले, पाणी मागवले आणि दोन खोल्या स्वतः झाडून दिल्या. वाहरू मास्तर गाडी राखायला बाहेर बैलांजवळ निजला. त्या दिवशी धर्मशाळेत दुसरे कोणीच उतरले नव्हते.